बत्तीस बोअरचे मामा

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर या विषयात माझ्या बायकोच्या मामांइतका अधिकारी माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हा अधिकार त्यांनी आयुष्यात एकही गोळी न झाडता मिळवलेला आहे. हे मी चेष्टेने म्हणत नाही. मामांकडे रीतसर परवाना आहे, परवान्यावर रीतसर बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे, त्यासाठी घेतलेली दहा काडतुसं आहेत, आणि वीस-बावीस वर्षांत त्या दहाची नऊ झालेली नाहीत. का, असं कुणी विचारलं तर मामा त्याच्याकडे दयेने बघतात आणि म्हणतात, "एका गोळीचा खर्चा म्हाईत हाय का तुम्हाला?" विचारणाऱ्याला अर्थातच माहीत नसतो. मग मामा तो सांगतात. सांगताना ते बावीस बोअरच्या, म्हणजे सगळ्यात बारीक नळीच्या, गोळीपासून सुरुवात करतात, बत्तीसवर जरा विसावा घेतात, तिथून साध्या माणसाला कायद्याने बाळगताच येत नाही त्या नऊ एमएमकडे जातात, आणि परदेशातल्या पंचेचाळीसपर्यंत पोचेस्तोवर समोरच्याचा चहा तरी गार झालेला असतो किंवा एसटी तरी चुकलेली असते.

मामा परतूरजवळच्या एका गावात राहतात. बऱ्यापैकी जमीन आहे, शेतात आखाड्यावर, म्हणजे गोठ्यावर, बैल आहेत, गावात घर आहे. मी जालन्यात विम्याच्या एका कचेरीत कारकून आहे आणि अर्ज भरणं हे माझं पोटापाण्याचं कसब आहे, त्यामुळे मामांच्या परवान्याची कागदपत्रं गेली पंधरा वर्षं माझ्याकडेच येतात. आमची पहिली भेट मात्र माझ्या साखरपुड्यात झाली. बाकीच्या मंडळींनी मला पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, असं रीतीप्रमाणे विचारून घेतलं. मामांनी काहीच विचारलं नाही. माझा उजवा हात हातात घेतला, मनगट दाबून पाहिलं, बोटं उघडून-मिटवून पाहिली आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "बावीसचा हात हाय. माणूस गरीब हाय, देऊन टाका." सासऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तेव्हा काहीच कळलं नाही, पण एवढं कळलं की मी पास झालो आहे आणि वरच्या वर्गात झालेलो नाही.

पुढे लक्षात आलं की मामांच्या हिशेबी प्रत्येक माणसाचा एक बोअर असतो आणि तो मरेपर्यंत बदलत नाही. त्यांचे थोरले भाऊ बारा बोअरचे, म्हणजे आवाज मोठा आणि छर्रे सगळीकडे. गावचे सरपंच छर्ऱ्याची बंदूक, जत्रेत फुगे फोडायच्या कामाची. माझ्या सासूबाई पॉइंट पंचेचाळीस, त्यांच्यासमोर उभंच राहायचं नाही. एका तलाठ्याबद्दल ते नुसतं "गावठी कट्टा" म्हणाले होते आणि पुढे काही सांगायची गरज पडली नव्हती. ही वर्गवारी आमच्या घरात इतकी रुजली आहे की माझी बायको साहेबांबद्दलच्या माझ्या तक्रारी ऐकून घेते आणि शेवटी एवढंच विचारते, "पण तुम्ही बावीस, ते किती?" मामा स्वतःला बत्तीस समजतात. मामींचा बोअर त्यांनी कधी सांगितला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अजून अंदाज येऊन न्हाई राह्यला." लग्नाला तेव्हा त्यांच्या तीस वर्षं झाली होती.

बत्तीस घेतलं कसं, ही हकिकत मी या घराचा जावई होण्याच्या आधीची आहे, पण ती मला इतक्या जणांनी सांगितली आहे की आता मीच तिथे होतो असं मला वाटतं. परवाना हातात पडला की हत्यार विकत घ्यायला ठरावीक मुदत असते. इतर माणसं आठवड्यात घेऊन मोकळी होतात. मामांनी ती मुदत संपवली, अर्ज करून वाढवून घेतली आणि वाढवलेलीही संपत आणली, कारण बावीस की बत्तीस हे त्यांचं ठरेना. बावीसच्या बाजूने गोळी स्वस्त होती, हत्यार हलकं होतं, शिवाय आवाज बेताचा. बत्तीसच्या बाजूने वचक होता, पण गोळीचा भाव ऐकला की वचक आपल्यालाच बसायचा. मामा सकाळी बावीसचे असायचे आणि जेवण झालं की बत्तीसचे. दर पंधरा दिवसांनी परतूर स्टेशनवर पॅसेंजर धरून ते औरंगाबादला हत्यारांच्या दुकानात जायचे. तिथे मेंदी लावलेल्या दाढीचे एक वयस्क चाचा बसत. ते दोन्ही हत्यारं मखमलीवर मांडायचे, मामा एकेक हातात घेऊन तोलायचे, गोळीचा भाव विचारायचे, तो मागच्या वेळेइतकाच आहे हे ऐकून उदास व्हायचे आणि चहा पिऊन परत यायचे. पाचव्या की सहाव्या खेपेला चाचा म्हणाले, "पाटील, इत्ती देर में तो लोगां लडकी देख के शादी बना लेते." मामा म्हणाले, "शादी का खर्चा एक बार का रहता, चाचा. गोली का जिंदगीभर का." ही गोष्ट मामींसमोर निघाली की मामी भाकरी थापता थापता म्हणतात, "म्हंजे मी एकदाच्या खर्च्यातली," आणि मामा पाणी प्यायला उठतात.

शेवटी त्यांनी घरीच प्रयोग केला. किराणा दुकानातून अर्ध्या किलोचं आणि दोनशे ग्रॅमचं अशी दोन वजनं मागून आणली. दोन्ही मिळून फडक्यात बांधली की बत्तीस, दोनशे ग्रॅम काढून ठेवलं की बावीस. एक दिवस हे आणि एक दिवस ते, असं आठवडाभर गाठोडं कमरेला खोचून ते शेतात, बाजारात, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन आले. बत्तीसच्या तिसऱ्या दिवशी भर बाजारात पायजम्याच्या नाडीने जीव सोडला. मामांनी एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हाताने वजनं सावरली, आणि भाजीवालीने तोंडाला पदर लावला. सगळ्या घरादाराला वाटलं की आता बावीसच. पण दुसऱ्याच दिवशी मामा गाडीत बसले आणि बत्तीस घेऊन आले. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नाडीच्या जागी मात्र कातडी पट्टा आला तो आजतागायत आहे.

हत्यार घरात आलं आणि मामांच्या जगातलं चलन बदलून गेलं. रुपया हे त्यांना आता कच्चं माप वाटायला लागलं. कापसाचा भाव पडला की ते म्हणणार, "क्विंटलमागं यंदा सात-आठ गोळ्या गेल्या." मंठ्याच्या बाजारातून गाय आणली तर ती काडतुसांच्या इतक्या पेट्यांची. माझ्या लग्नात त्यांनी आम्हाला मिक्सर दिला आणि देताना भाचीच्या कानात सांगितलं, "अठरा गोळ्यांचा हाय, जपून वापर." तो मिक्सर अजून चालतो, कारण बायको तो वापरतच नाही. पाडव्याला लोक सोन्याचा भाव विचारतात, मामा चाचांना फोन करून काडतुसाचा विचारतात. भाव दर वर्षी चढलेला असतो. तो ऐकून आधी मामा हळहळतात, मग त्यांच्या ध्यानात येतं की आपल्याकडे दहा आहेत आणि ती घरबसल्या वाढून राहिली आहेत, आणि मग ते मामींना पुरणात तूप जास्त घालायला सांगतात.

काडतूस जुनं झालं की दगा देऊ शकतं, तेव्हा अधूनमधून रेंजवर जाऊन जुनी संपवावीत आणि नवी घ्यावीत, असं चाचांनी त्यांना बजावून सांगितलं होतं. मामांना ते अजिबात पटलं नाही. चांगली जपलेली वस्तू आपल्या हाताने संपवायची आणि पुन्हा पैसे देऊन आणायची, हा त्यांना निव्वळ दुकानदारी डाव वाटला. त्यांनी आपला स्वतःचा उपाय काढला. उन्हाळ्यात मामी गच्चीवर शेवया आणि कुरडया घालत, त्याच्या शेजारी मामा सुपात दहा काडतुसं ओळीने मांडून राखण करत बसत. मामी म्हणायच्या, कावळ्यांना हुसकायला एक माणूस फुकट मिळतो आहे तर मिळू दे. ही हकिकत कानावर गेली तेव्हा चाचांनी फोनवर मामांना असं काही झापलं की मामांनी सूप लगेच खाली आणलं. त्यानंतर काडतुसं कपाटातच राहिली, फक्त दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रपूजेला बाहेर यायची. ताटात मधे रिव्हॉल्व्हर, भोवती दहा काडतुसं, प्रत्येकावर झेंडूची एकेक पाकळी. मामा पूजा करता करता मनातल्या मनात मोजत, आणि दहा भरली की घंटा वाजवत.

एके वर्षी रानडुकरांनी मक्यात धुडगूस घातला. पुतणे आले, म्हणाले, काका, हत्यार काढा, हवेत एक तरी उडवा, नुसत्या आवाजाने पळतील. मामांनी वही घेतली. डुकरं एका दिवसात किती कणसं खातात, त्याचे किती होतात, आणि हवेत एक गोळी गेली तर किती जातात, असं त्यांनी शांतपणे मांडून पुतण्यांना दाखवलं. डुकरं स्वस्त पडत होती. "खाऊ द्या," मामा म्हणाले, "त्यांचं बी पोट हाय." मग दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब त्यांनी बांधावर नेऊन लावले आणि डुकरं पळाली ती शेजाऱ्याच्या उसात शिरली. तेव्हापासून तो शेजारी मामांशी बोलत नाही, आणि मामाही त्याची समजूत काढायला गेलेले नाहीत, कारण त्यांच्या मते तो एअरगन आहे.

निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आपल्याकडे निवडणुकांना तोटा नाही. एक संपून गुलाल धुतला जाईपर्यंत दुसरी उभी राहते. त्यामुळे मामांचं रिव्हॉल्व्हर घरात कमी आणि ठाण्यात जास्त असं झालेलं आहे. जमा करायच्या दिवशी मामा धुतलेले कपडे घालतात, हत्यार तेल लावून पुसतात, मऊ फडक्यात गुंडाळतात आणि पावती घेऊन परत येतात ते उतरलेल्या चेहऱ्याने. मग आठ दिवसांनी परतूरला काही तरी काम काढून ठाण्यावर चक्कर मारतात. तिथल्या हवालदारांना सवय झालेली आहे. मामा दारात दिसले की ते स्वतःच सांगतात, "बरं हाय, पाटील. कोरड्या जागी ठेवलंय." मामा त्यांना चहा पाजतात. एका निवडणुकीत हत्यार परत मिळायला जरा उशीर झाला तेव्हा मामी मला म्हणाल्या होत्या, "सवत माहेराला गेलीय, घर कसं मोकळं मोकळं वाटतंय." पण मी तेव्हा तिथे मुक्कामाला होतो आणि बघत होतो, त्या दिवसांत मामा संध्याकाळपासूनच सगळी दारं लावून घ्यायचे आणि कड्या दोन-दोनदा तपासायचे, आणि मामी त्यांना काहीही म्हणत नव्हत्या.

मला मामा फार आवडतात. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही आणि सांगितलं तर ते माझं मनगट पुन्हा तपासतील. पण गेल्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरायला ते जालन्याला आले, मी फुली मारून दाखवली तिथे सही करायला सांगितलं, आणि त्यांनी ती चौकटीच्या चार बोटं बाहेर केली, तेव्हा मी तो अर्ज बाजूला सारला. दुसरा कागद दिला. दुसरीही बाहेर गेली. मामा हसून म्हणाले, "पेन खराब हाय तुमचा." मी त्यांना तसंच उठवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, आणि बराच पुढे गेलेला निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची, थेंब चुकवायचे नाहीत, गाडी चालवायची नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अन् लायसनचं सर्टिफिकेट?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, तब्येतीचा दाखला ते देऊ शकत नव्हते. त्यांचंही बरोबर होतं.

म्हणजे रिव्हॉल्व्हर जायचं. एक वाट होती: मामांचं वय आणि परवान्याची वर्षं बघता ते वारसाच्या नावावर करता येत होतं. मामांनी माझ्यासमोरच मुलाला पुण्याला फोन लावला. मुलगा चांगला आहे, बापाला मानतो. तो म्हणाला, "आबा, घरात तीन वर्षांचं पोर आहे. मला ते फ्लॅटमध्ये नको. बाकी तुम्ही म्हणाल ते करतो." मामा लगेच म्हणाले, "न्हाई न्हाई, बराबर हाय तुझं. लेकराच्या घरात बिलकुल नको." फोन ठेवला आणि बसस्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आले ते माझा दंड धरून. वाटेत त्यांनी एकाही माणसाचा बोअर सांगितला नाही. गाडीत बसताना म्हणाले, "मुदत किती राह्यली?" मी म्हणालो, दीड महिना. ते म्हणाले, "बरं," आणि खिडकीतून दुसरीकडे बघायला लागले.

आठवड्याने मामींचा फोन आला. मामी मला आपणहून कधी फोन करत नाहीत. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमचे मामा चार दिवस झाले बोलून न्हाई राह्यले. जेवतात, थेंब टाकून घेतात अन् दाराकडं तोंड करून बसतात. मला एक सांगा, ते बाईच्या नावावर होतं का?" मी विचारलं, काय? मामी म्हणाल्या, "काय म्हंजे, ते. मी वारस न्हाई का त्यांची?"

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गावाला गेलो. मामा आखाड्यावर गेले होते. मामींनी मला चहा दिला आणि ओट्यावर समोर बसून, मेथी निवडता निवडता, या घरात मला पंधरा वर्षांत कुणी न सांगितलेली गोष्ट सांगितली. मुलगा लहान होता तेव्हा मामा-मामी दोघंच राजूरच्या गणपतीला जाऊन मोटारसायकलवर परत येत होती. भर दुपार. पाणी प्यायला एका झाडाखाली थांबली. मागून दोघंजण गाडीवर आले, त्यांनी रस्ता विचारला, आणि मग एकाने चाकू काढला. मामींच्या गळ्यातलं मंगळसूत्र आणि बोरमाळ काढून घेतली आणि गेले. "हे पाण्याची बाटली हातात धरून उभे व्हते," मामी म्हणाल्या. "ते गेले तरी बाटली खाली न्हाई ठेवली. मीच घेतली हातातून. घरी आल्यावर कुणाला सांगितलं न्हाई, मला बी कधी कायी म्हणले न्हाई, अन् मी बी कधी काढलं न्हाई. सोनं मंग पुन्हा केलं. पण त्याच महिन्यात ह्यांनी लायसनचा अर्ज टाकला." त्यांनी मेथीची जुडी झटकली. "सगळ्या गावचे नवरे बायकोच्या पुढं चालतात. हे त्या दिवसापासून माझ्या मागं चालतात. लोकांना वाटतं मी लई शहाणी. मला त्या दिवशी बी भीती न्हाई वाटली, जावईबापू, आज बी न्हाई वाटत. भीती ह्यांना वाटती. ते कपाटात असलं की ह्यांना झोप लागती. म्हणून म्हणते, माझ्या नावावर करा."

मी पिशवीतून अर्ज काढला आणि भरायला घेतला, कारण तेवढंच मला येतं. शस्त्र कशासाठी हवे, असा एक रकाना त्यात असतो. मी मामींना विचारलं, काय लिहू. मामी म्हणाल्या, "लिहा, नवऱ्यासाठी." मी 'आत्मसंरक्षण' असं लिहिलं, पण लिहिताना आपण सरकारची फसवणूक करतो आहोत असं वाटत राहिलं.

मामांना हे कळलं तेव्हा ते आधी रागावले, मग "बाईमाणसाचं काम न्हाई" म्हणाले. आणि संध्याकाळी मामी भाजी फोडणीला टाकत असताना ते चुलीजवळ पाट घेऊन बसले आणि बावीस बोअरपासून सुरुवात केली. मामींनी लग्नानंतर पहिल्यांदा ते व्याख्यान पंचेचाळीसपर्यंत ऐकून घेतलं. मधे फक्त एकदा मीठ किती घातलं ते विसरल्या.

नव्या परवान्याला हत्यार हाताळायचं प्रशिक्षण लागतं. शहराबाहेर एक नेमबाजीचा क्लब आहे, तिथे एक निवृत्त सुभेदार ते देतात. मामांचा परवाना अजून चालू होता, म्हणून मामींना शिकवायला त्यांचंच रिव्हॉल्व्हर घेऊन आम्ही तिघं गेलो. सुभेदारांनी मामांची दहा काडतुसं हातात घेऊन पाहिली आणि ही चालायची नाहीत, नवी लागतील, असं स्पष्ट सांगितलं. मला वाटलं, आता हिशेबाची वही निघणार. मामांनी खिशातून पैसे काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "घ्या जल्दी." भाव विचारला नाही. मी नोटा दोनदा मोजून पाहिल्या, कारण या घराण्याचा जावई म्हणून मला हे दृश्य झेपत नव्हतं.

पहिला तास नुसतं धरायचं, ठेवायचं, उघडायचं, मिटायचं यात गेला. मामी सुभेदारांचं ऐकत होत्या आणि मामा खुर्चीवरून त्यांच्या प्रत्येक वाक्याला "बराबर" म्हणत होते, त्यामुळे शेवटी सुभेदारांनीही त्यांच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. मग मामींनी पदर खोचला, चष्मा नीट बसवला, कानांवर झाकणं लावली आणि पंधरा-वीस पावलांवरच्या कागदासमोर उभ्या राहिल्या. मामांनाही झाकणं दिली होती. त्यांनी ती घेतली आणि मांडीवर ठेवली. मी म्हणालो, मामा, लावा, कान बसतील. ते म्हणाले, "वीस वर्षं झाली, आवाज तर ऐकू द्या."

मामींनी पाच गोळ्या झाडल्या. पहिल्या आवाजाला मामा खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. पुढच्या तिन्हींना ते तसेच, मिटल्या डोळ्यांनी, मान किंचित वाकडी करून, लांबून कुणी हाक मारत असावं तसे ऐकत बसले होते. मामींनी रिव्हॉल्व्हर मेजावर ठेवलं, सुभेदारांनी ते मोकळं करून पाहिलं आणि कागद काढून आणायला गेले.

कागद मी पाहिला. चार गोळ्या सरळ मागच्या मातीच्या ढिगात गेल्या होत्या आणि पाचवीने कागदाचा वरचा उजवा कोपरा कसाबसा गाठला होता. मधला काळा गोल जसा छापून आला होता तसाच होता. मामांनी विचारलं, "कुठं बसल्या?" सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मामी कानांवरची झाकणं काढत शांतपणे म्हणाल्या, "एक तर बराबर मधी."

मामांनी हात पुढे केला. सुभेदारांनी नाइलाजाने कागद त्यांना दिला. मामांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग मांडीवर पसरला आणि बोटाने चाचपायला लागले. बोट काळ्या गोलावरून फिरलं, पुन्हा फिरलं, तिथे काही नव्हतं. मग एकेका वर्तुळावरून बाहेर बाहेर जात राहिलं, आणि बऱ्याच वेळाने कोपऱ्यातल्या त्या भोकाशी जाऊन थांबलं. मामांनी बोटाचं टोक त्यात घालून पाहिलं.

"हां," मामा म्हणाले. "मधीच हाय."

त्यांनी कागदाची बारीक घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग मामींच्या दिशेने हात लांब करून म्हणाले, "हात दुखून राह्यला का?" मामी म्हणाल्या, "न्हाई." त्यांचं मनगट चांगलंच सुजायला लागलं होतं. मामांनी ते चाचपत शोधून काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि बाहेर रिक्षा येईपर्यंत हळूहळू चोळत बसले. आमच्याकडे चारचौघांत असं कुणी बायकोचा हात धरत नाही, म्हणून मी सुभेदारांना घेऊन जरा लांब जाऊन उभा राहिलो.